मोटारसायकल आणि बिनतारीचे एरियल

बिनतारी संदेशयंत्र विकत घेणाऱ्या माणसाचे सारे लक्ष बहुधा पेटीकडे असते. तिची शक्ती किती वॅट, चॅनेल किती, आवाज स्पष्ट येतो की नाही, याची तो बारकाईने चौकशी करतो. एरियल मात्र दुकानदार देईल ते घेतो आणि जागा सापडेल तेथे बसवितो. घराच्या गच्चीवर किंवा चारचाकी मोटारीवर ही हेळसांड बऱ्याच अंशी खपून जाते. मोटारसायकलवर ती खपत नाही. दोन स्वार दीड-दोन किलोमीटर अंतरावर असताना एकमेकांना ऐकू येईनासे होतात, आणि दोष पेटीला दिला जातो. वास्तविक दोष पेटीच्या बाहेर, एरियलच्या पायथ्याशी असतो. तो कोणता आणि त्यावर उपाय काय, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

गरज कोठे भासते

रायपूर हे पूर्वीपासून रस्त्यांचे ठाणे आहे. नागपूरहून निघालेला जुना ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि आताचा ५३, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई ही गावे घेत रायपुरात येतो व पुढे संबळपूरकडे जातो. दक्षिणेकडे राष्ट्रीय महामार्ग ३० धमतरी, कांकेर, केशकाल आणि कोंडागाव या मार्गाने सुमारे ३०० किलोमीटरवरील जगदलपूरला पोहोचतो. हाच महामार्ग वायव्येस कवर्ध्यावरून चिल्फीचा घाट चढून जबलपूरच्या दिशेने जातो. सपाट भातखाचरांतून निघालेला प्रवासी काही तासांत सालवृक्षांच्या दाट रानात आणि घाटाच्या वळणांत शिरतो.

अशा रस्त्यांवर तीन-चार मोटारसायकली एकत्र निघाल्या, तर त्या फार वेळ एकमेकींच्या दृष्टीच्या टप्प्यात राहत नाहीत. मधे मालमोटारींची रांग येते, कोणाचे चाक पंक्चर होते, केशकालच्या वळणांत पुढचा दिसेनासा होतो. घाटात व रानात भ्रमणध्वनीची सेवा मधूनमधून तुटते. पुढे गेलेल्याला मागे काय घडले हे कळण्यास अर्धा तास लागला, आणि मागचा खरोखरच पडला असेल, तर तो अर्धा तास फार महाग पडतो. मनोऱ्यावर अवलंबून नसलेले, एका वाहनावरून दुसऱ्या वाहनाशी सरळ बोलणारे यंत्र अशा वेळी उपयोगी पडते.

नागरी पट्टा

सामान्य नागरिकांनी परवान्याच्या कटकटीवाचून वापरावा म्हणून राखून ठेवलेल्या लहरींच्या पट्ट्यास सिटिझन्स बँड, संक्षेपाने सी. बी., असे म्हणतात. आपण त्यास नागरी पट्टा म्हणू. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा या कामासाठी खुला झाला. आरंभी तेथे २३ चॅनेल होते; १ जानेवारी १९७७ पासून ते ४० झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मालमोटारींच्या चालकांनी या यंत्रांचा सपाटा लावला आणि लवकरच ती दूरच्या प्रवासाच्या मोटारसायकलींवरही आली. होंडा कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणलेल्या गोल्ड विंग या अवजड मोटारसायकलीच्या पुढील आवृत्त्यांत असे यंत्र व मागच्या पेटीजवळ उभी राहणारी एरियलची काठी ही जोड मिळू लागली.

भारतात २००५ मध्ये केंद्र सरकारने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंतच्या प्रक्षेपित शक्तीसाठी परवान्यातून मुक्त केला. अमेरिकी क्रमांकांप्रमाणे पाहिले, तर या मर्यादेत १ ते २७ हे चॅनेल बसतात. २८ पासून पुढचे बसत नाहीत. ही सवलत सशर्त आहे. वापरणाऱ्याने इतरांच्या दळणवळणात अडथळा आणू नये आणि इतरांपासून स्वतःला अडथळा झाल्यास संरक्षण मागू नये, असा तिचा आशय आहे. याच पट्ट्यात प्लॅस्टिक जोडणारी व लाकूड वाळविणारी औद्योगिक तापनयंत्रेही चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या अटीचा अर्थ कळतो. यंत्र दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची मान्यता असलेले असावे, आणि त्यास बाहेरचे एरियल जोडण्याची मुभा त्या मान्यतेत आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वीच वाचून पाहावे. मान्यतेचा कागद व पावती प्रवासात जवळ बाळगणे शहाणपणाचे ठरते. बस्तरसारख्या भागात सुरक्षा दलांच्या नाक्यावर बिनतारी यंत्राविषयी विचारणा होणे स्वाभाविक आहे.

एरियलचे दोन हात

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एरियल म्हणजे, विज्ञानाच्या ग्रंथांतील शब्द वापरायचा तर आकाशक, हा विद्युत्‌प्रवाहाचे लहरींत रूपांतर करणारा वाहक होय. हाइन्‍रिख हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रथम प्रयोगाने सिद्ध केल्या, त्या वेळच्या त्याच्या एरियलला दोन हात होते. मधे ठिणगीची फट आणि दोन्ही बाजूंस सारख्या लांबीच्या सळया, अशी ती मांडणी होती. प्रवाह एका हातात चढत असताना दुसऱ्या हातात उतरत असे. पुढे १८९५ मध्ये मार्कोनीने एक टोक उंच नेले आणि दुसरे जमिनीत पुरले. यामुळे संदेश टेकडीपलीकडे पोहोचू लागले. त्याने दुसरा हात काढून टाकला असे वरवर पाहता वाटते. खरे म्हणजे त्या हाताचे काम त्याने पृथ्वीवर सोपविले होते.

रायपूरच्या बुढा तलावाच्या शांत पाण्यात रोवलेला खांब आपण पाहिला, तर वर खांब आणि खाली त्याचे प्रतिबिंब मिळून दुप्पट लांबीचा एक खांब असल्याचा भास होतो. वाहक जमीन एरियलच्या बाबतीत अशाच आरशाचे काम करते. म्हणून अर्ध्या तरंगलांबीच्या दोन हाती एरियलऐवजी पाव तरंगलांबीची एकच काठी पुरते. मात्र आरसा चांगला हवा. पाणी गढूळ व खळाळते असेल तर प्रतिबिंब फुटते. तद्वतच जमीन कोरडी व खडकाळ असेल तर परतीचा प्रवाह तिच्यातून जाताना शक्तीची उष्णता होऊन बसते.

आकाशवाणीचे रायपूर केंद्र अनेक वर्षे ९८१ किलोहर्ट्झवरून ऐकू येत असे. त्या लहरींची लांबी सुमारे ३०६ मीटर, म्हणजे पाव लांबी ७६ मीटर होते. मध्यम लहरींच्या अशा मनोऱ्यांखाली जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरून पुरण्याचा प्रघात आहे. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनानंतर त्यांची संख्या १२० ही जवळजवळ रूढ झाली. ज्यांना शक्तीचा हिशोब द्यावा लागतो, ते अभियंते वरच्या मनोऱ्याइतकाच खर्च न दिसणाऱ्या जाळ्यावर का करतात, याचे उत्तर वरील विवेचनात आहे.

नागरी पट्ट्याच्या मध्यावर, २७.१२ मेगाहर्ट्झला, तरंगलांबी सुमारे ११ मीटर आणि तिचा चतुर्थांश २.७६ मीटर येतो. चारचाकी मोटारीच्या पत्र्याच्या टपावर मधोमध काठी उभी केली, तर टप हा बऱ्यापैकी आरसा होतो. मोटारसायकलला टपच नाही. दोन चाकांच्या आसांमधील अंतर दीड मीटरच्या आत, सांगाडा म्हणजे काही नळ्या, टायर रबरी, आणि आधुनिक गाडीवर तर बराचसा भाग प्लॅस्टिकचा. एरियलचा दुसरा हात येथे जवळजवळ हरवलेला असतो, आणि मोटारसायकलवर एरियल बसविणे म्हणजे मुख्यतः त्या हरवलेल्या हाताची सोय करणे होय.

लांबीचा सौदा

पावणेतीन मीटरची काठी मोटारसायकलवर घेऊन हिंडणे व्यवहार्य नाही. म्हणून काठी मीटर-सव्वा मीटरची ठेवतात आणि उणीव भरून काढण्यासाठी तिच्या पायथ्याशी, मध्यावर किंवा वरच्या भागात तारेचे वेटोळे घालतात. काही काठ्यांत काचतंतूच्या दांडीवर तळापासून टोकापर्यंत तार गुंडाळलेली असते. वेटोळ्यामुळे काठी २७ मेगाहर्ट्झला अनुनाद देऊ लागते, पण तिची लांबी त्यामुळे वाढत नाही. आखूड काठीचे लहरी सोडण्याचे सामर्थ्य कमीच राहते.

हे सामर्थ्य ‘प्रारण-रोध’ या राशीने मोजतात. पूर्ण पाव लांबीच्या काठीचा प्रारण-रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. पायथ्याशी वेटोळे असलेल्या १.२ मीटर काठीचा तो पाच ओहमहूनही थोडा कमी भरतो. आता परतीच्या वाटेत, म्हणजे सांगाडा आणि त्याखालची जमीन यांत, १५ ओहम रोध आहे असे उदाहरणादाखल धरू, आणि वेटोळ्यात आणखी ४ ओहम. लांब काठीत ५१ पैकी ३६ भाग, म्हणजे सुमारे ७० टक्के शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडेल. आखूड काठीत २४ पैकी पाच भाग, म्हणजे जेमतेम २० टक्के. चार वॅटच्या यंत्रातून पहिल्या वेळी पावणेतीन वॅटहून थोडे अधिक आणि दुसऱ्या वेळी पाऊण वॅटच्या आसपास शक्ती आकाशात जाते. बाकीची वेटोळे आणि माती तापविण्यात खर्च होते.

या हिशोबातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. काठी आखूड असेल तर परतीच्या वाटेतील प्रत्येक ओहम अधिक जाचक ठरतो. म्हणून झेपेल तितकी लांब काठी घ्यावी आणि वेटोळे शक्य तो मध्यावर किंवा त्याहून वर असलेली काठी निवडावी. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. जमिनीलगत जाणाऱ्या लहरी अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतात. त्यामुळे शक्ती चौपट घटली तरी टप्पा चौपट घटत नाही, साधारण सात-दशांशावर येतो. उलट, शक्ती वाढवून टप्पा वाढविण्याचा मोहही त्याच कारणाने व्यर्थ ठरतो. तो बेकायदाही आहे.

‘जमीन नको’ असे म्हणून विकली जाणारी काही एरियले मिळतात. त्यांची रचना बहुधा अर्ध्या लांबीच्या तत्त्वावर असते आणि त्यांना पायथ्याशी पत्रा कमी लागतो. पत्रा कमी असलेल्या गाडीवर ती सोयीची पडतात. तथापि परतीचा प्रवाह निसर्गनियमाने कोठून तरी जावाच लागतो, आणि येथे तो बव्हंशी केबलच्या बाहेरील जाळीवरून जातो. म्हणून अशा एरियलबरोबर आलेली केबल त्याचाच भाग समजावी व ती कापू नये.

बसविण्याची जागा आणि रीत

काठीला साजेशी जागा म्हणजे मागील सामानाच्या कॅरियरची एक बाजू, पेटीच्या किंचित बाहेर. हँडलवर किंवा पुढच्या लेगगार्डवर बसविलेली काठी स्वाराच्या अंगाशी येते आणि त्याच्या शरीरामुळे लहरी अडतात. मागे बसविताना काठी मागील दिवा, इंडिकेटर व क्रमांकाची पाटी यांच्या आड येणार नाही, आणि मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांना टोक लागणार नाही, याची काळजी घ्यावी. टोकाला गोळी असलेली काठीच वापरावी. काठी मागे असली की लहरींचा जोर धातूच्या बाजूस, म्हणजे पुढच्या दिशेस, थोडा अधिक राहतो. म्हणून सर्वांत पुढच्या स्वाराचे बोलणे मागच्यांना किंचित क्षीण येणे हा यंत्राचा बिघाड नव्हे.

जागा ठरल्यावर खरे काम सुरू होते. कॅरियर सांगाड्याला बोल्टने जोडलेला दिसतो, पण मधे रंगाचा थर किंवा रबरी वॉशर असेल तर विजेच्या दृष्टीने तो सुटाच आहे. रंग फक्त बोल्टखालच्या जागेपुरता खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालावा आणि जोड आवळून झाल्यावर त्यावर ग्रीसचा हात फिरवावा, म्हणजे गंज धरणार नाही. त्यानंतर कॅरियर, सांगाडा, मडगार्ड, लेगगार्ड, इंजिन व सायलेन्सर हे भाग तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्ट्यांनी एकमेकांना जोडावेत. पट्टी रुंद आणि आखूड असावी. लांब बारीक तार एवढ्या कंप्रतेला स्वतःच अडथळा होते. मागील पेटी प्लॅस्टिकची असेल तर तिच्या खाली ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून तोही जोडावा. गाडीतील सगळे धातू असे एकत्र बांधले, की हरवलेला हात पूर्ण नव्हे, पण निदान कोपरापर्यंत तरी परत मिळतो.

पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की पावसाळ्यात त्यांच्या सांध्यावर क्षरण सुरू होते. छत्तीसगढातील चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेता असे सांधे दर मोसमापूर्वी उघडून साफ करावेत. एक सिलिंडरच्या गाडीचा थरथराट नटबोल्ट सैल करतो. म्हणून नायलॉनचे कडे असलेले नट वापरावेत आणि काठीच्या पायथ्याशी स्प्रिंग घालावी. फांदी लागली असता स्प्रिंग वाकते आणि कॅरियर तुटत नाही.

केबल ५० ओहमची समाक्ष केबल असावी. दूरदर्शन संचासाठी मिळणारी केबल ७५ ओहमची असते, ती येथे योग्य नव्हे. इंजिनाच्या गरम भागापासून व साखळीपासून केबल दूर न्यावी, तीव्र कोनात मोडू नये आणि वरच्या जोडावर रबरी चिकटपट्टी गुंडाळावी. जोडाजवळ केबलला खाली झोल ठेवला, तर पावसाचे पाणी तेथून निथळून जाते. एकदा जाळीत पाणी शिरले म्हणजे केबल बदलण्यावाचून गत्यंतर नसते. यंत्राजवळ केबलवर फेराइटचे मणी चढविले, तर जाळीच्या बाहेरून परत येणारा प्रवाह रोखला जातो. बोलताना ध्वनिग्राहकाला हात लावल्यावर चटका बसणे हे त्या प्रवाहाचे लक्षण होय. ‘जमीन नको’ जातीच्या एरियलला मात्र मणी कोठे चालतात ते त्याच्या सूचनापत्रकात पाहावे.

मापकाचे समाधान आणि आपले समाधान

एरियल बसविल्यावर ते जुळवावे लागते. यासाठी स्थिर-तरंग-मापक, कारागिरांच्या भाषेत एस. डब्ल्यू. आर. मीटर, वापरतात. केबलमधून वर गेलेल्या शक्तीपैकी किती परत फिरली, हे तो गुणोत्तराने दाखवितो. गुणोत्तर १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परतते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. दोनच्या आत आकडा आणणे इष्ट, आणि तीनच्या वर असता यंत्र चालू ठेवणे धोक्याचे.

मोजमाप उघड्यावर करावे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा लोखंडी फाटकाजवळ घेतलेले आकडे फसवे असतात. छत्तीसगढात ज्या मोकळ्या मुरमाड जमिनीला भाटा म्हणतात, तसे मैदान या कामाला उत्तम. गाडी उभी करून सामान बांधावे आणि स्वाराने आसनावर बसावे, कारण त्याचे शरीर हाही या मांडणीचा घटक आहे. मग १, १४ व २७ या चॅनेलवर आकडे घ्यावेत. २७ वर आकडा १ पेक्षा मोठा असेल तर काठी लांब आहे, ती थोडी आखूड करावी. उलट असेल तर वाढवावी. १४ वर सर्वांत लहान आकडा आला की जुळणी झाली. कापाकापी दोन-तीन मिलिमीटरांनीच करावी; कापलेले परत जोडता येत नाही.

येथे एका भ्रमापासून वाचकाने सावध राहावे. मापकावर १ हा आदर्श आकडा आला म्हणजे एरियल आदर्श झाले, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती चुकीची आहे. केबल ५० ओहमची असल्याने पायथ्याशी एकूण ५० ओहम रोध दिसला की मापक समाधानी होतो. ते ओहम लहरींचे आहेत की उष्णतेचे, हे त्यास कळत नाही. आखूड काठीचे पाच ओहम आणि गंजलेले सांधे, वेटोळे व कोरडी जमीन यांचे पंचेचाळीस, असे मिळून पन्नास झाले तर आकडा १ येईल आणि शक्तीचा दशांशच बाहेर पडेल. याउलट उत्तम आरशावर उभ्या केलेल्या पूर्ण लांबीच्या काठीचा ३६ ओहमचा प्रारण-रोध मापकावर १.४ च्या सुमारास आकडा दाखवितो. म्हणूनच तांब्याच्या पट्ट्या जोडल्यावर मापकाचा आकडा कधी कधी बिघडलेला दिसतो. अशा वेळी पट्ट्या काढून टाकू नयेत. अपव्यय कमी झाला, त्याचीच ती खूण असते. जुळणी पुन्हा करावी.

एरियलची खरी परीक्षा अंतरावर होते. एका मित्राला ठरलेल्या जागी थांबवून दुसऱ्याने सरळ रस्त्यावर दूर जात राहावे आणि आवाज कोठे तुटतो ते मैलाच्या दगडावर नोंदवावे. फेरफार केल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, पुन्हा तसेच करावे. मापक ज्याविषयी बोलू शकत नाही, ते हा साधा प्रयोग सांगतो.

वीज आणि खरखर

चार वॅटचे यंत्र बोलताना साधारण दीड-दोन अँपिअर प्रवाह घेते. ऐकताना त्याहून पुष्कळ कमी. मोटारसायकलच्या १२ व्होल्ट बॅटरीस हे झेपते, मात्र इंजिन बंद ठेवून तासन्‌तास बोलू नये. धन व ऋण या दोन्ही तारा सरळ बॅटरीपर्यंत न्याव्यात आणि धन तारेत बॅटरीजवळच फ्यूज घालावा.

ऐकताना इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी टकटक येत असेल तर ती स्पार्क प्लगच्या ठिणगीची असते. रोध असलेली प्लगची टोपी बसविल्याने ती पुष्कळ कमी होते. वेगाबरोबर चढत जाणारी शिटी बॅटरी भारणाऱ्या यंत्रणेची असते. आजच्या गाड्यांवर बाहेरून लावलेले एल. ई. डी. दिवे व भ्रमणध्वनीचे चार्जर हेही खरखरीचे मोठे उगम आहेत. एकेक बंद करून पाहिले म्हणजे अपराधी सापडतो. वर सांगितलेल्या तांब्याच्या पट्ट्या येथेही उपयोगी पडतात, कारण सुटा राहिलेला प्रत्येक धातूचा भाग ठिणगीचा गोंगाट फैलावणारे छोटे एरियलच असतो.

काय अपेक्षावे

चालत्या दोन मोटारसायकलींमध्ये सपाट मुलखात तीन ते आठ किलोमीटर टप्पा मिळाला तर बसविणाऱ्याने समाधान मानावे. पावसाने भिजलेली खाचरे कोरड्या मुरमाड भाट्यापेक्षा या लहरींना अधिक अनुकूल असतात. दाट झाडीचा अडथळा २७ मेगाहर्ट्झला शेकडो मेगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा कमी होतो. डोंगर मात्र आड येतोच, आणि केशकालसारख्या घाटात एका वळणापलीकडे टप्पा किलोमीटरभर उरणेही शक्य आहे. सूर्यावरील डागांची संख्या वाढते त्या वर्षांत या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. २०२४ च्या सुमारास असा कळसाचा काळ येऊन गेला. अशा दिवशी परदेशातील आवाज कानी पडतील आणि दोन किलोमीटरवरचा सोबती त्यांत बुडून जाईल. तो दोष एरियलचा नव्हे.

आपल्याकडे अमेरिकेप्रमाणे हमरस्त्यावरच्या मालमोटारींत ही यंत्रे नाहीत. संकटात हाक मारली तर ती ऐकणारा बहुधा आपल्याच गटातील सोबती असेल, दुसरा कोणी नाही. यावरून वापराचे नियम ठरतात. निघण्यापूर्वी चॅनेल ठरवावा, दर पंधरा मिनिटांनी शेवटच्या स्वाराने आपला ठावठिकाणा कळवावा, आणि उत्तर आले नाही तर पुढच्यांनी थांबावे. भ्रमणध्वनीची सेवा मिळेल तेथे ११२ या क्रमांकाला पर्याय नाही. यंत्र हातात धरून गाडी चालवू नये. शिरस्त्राणातील ध्वनिग्राहक व हँडलवरचे बटन वापरावे. पेट्रोल पंपावर यंत्र बंद ठेवावे. विजा चमकू लागल्या तर गाडी थांबवून पक्क्या इमारतीत जावे. उघड्या माळावर उभी काठी संरक्षण देत नाही.

शेवटी, मर्यादित पैशांत काय आधी करावे, असा प्रश्न उरतो. ज्याला एकच गोष्ट करणे शक्य आहे, त्याने महागडी पेटी घेण्याऐवजी काही फूट तांब्याची विणलेली पट्टी, दातेरी वॉशर आणि एक सुटीचा दिवस यांवर खर्च करावा. पट्ट्या बसविल्यावर त्या आसनाखाली व मडगार्डमागे झाकल्या जातात आणि पाहणाऱ्याला नुसती काठीच दिसते. घाटातल्या वळणामागून आलेली सोबत्याची हाक मात्र त्या झाकल्या गेलेल्या भागामुळे ऐकू येते.